येवल्याला जायचंय? मग रस्त्यावरच्या शोरूमच्या पुढे, गावात शिरा

प्रश्न असा आलाय की पुण्याहून येणारं कुटुंब आहे, नाशिकला दोन दिवस मुक्काम, सोबत सत्तरीची आई आणि दहावीतला मुलगा. पंचवटी आणि त्र्यंबक आधीच झालेलं आहे, तर येवल्याला बघण्यासारखं काही आहे का की लोक नुसते पैठणी घ्यायला जातात, आणि गेलोच तर किती वेळ ठेवायचा.

जा. आणि पूर्ण दिवस ठेवा, अर्धा नको.

मी नाशिकचाच, पाहुण्यांना जिल्ह्यातली जुनी गावं फिरवून दाखवायचं काम बरीच वर्षं करतोय, सिन्नर, चांदवड, त्र्यंबक, येवला सगळीकडे माणसं घेऊन जातो, आणि ह्यातल्या येवल्यावर सगळ्यात जास्त अन्याय होतो असं माझं स्पष्ट मत आहे. कारण येवला शिर्डीपासून तीस-पस्तीस किलोमीटरवर पडतं, त्यामुळे दर्शन झालं की गाड्या येतात, हायवेला लागून असलेल्या दुकानासमोर थांबतात, पाऊण तासात दोन साड्या घेतात आणि निघून जातात. गाव आत राहतं. ज्या मागावर ती साडी झाली तो तिथून चालत दहा मिनिटांवर असतो पण तो कुणी बघत नाही. बरं बघायला तिकीट नाही, रांग नाही, फक्त गाडीतून उतरून गल्लीत शिरायची तयारी पाहिजे.

आधी हे गाव असं का झालं ते थोडक्यात सांगतो म्हणजे फिरताना डोळ्याला दिसेल. राघोजी नाईक म्हणून इथले पाटील होते, त्यांनी रेशमाचे विणकर आणून इथे वसवले, व्यापाराला गुजराती वाणी आले, पुढे पेशवाईत थोरल्या माधवरावांनी गाव विंचूरकर सरदारांकडे दिलं, आणि पेशव्यांपासून सरदारांपर्यंत भरजरी कापडाला मागणी होतीच त्यामुळे धंदा वाढत गेला. खत्री, साळी, कोष्टी अशा विणकर समाजांची घरं त्यातूनच उभी राहिली. म्हणजे पैठणी हे नाव पैठणचं, पण आज तिचा मोठा बाजार आणि मोठ्या संख्येने माग येवल्यात आहेत. गुजराती व्यापाऱ्यांची छाप पण अजून दिसते, गावात स्वामिनारायण मंदिर आहे, आणि संक्रांतीला पतंगाचं जे वेड आहे ते त्यांच्याकडूनच आलं असं जुनी माणसं सांगतात. जुन्या गावाला तटबंदी होती, आता गंगादरवाजासारखी नावं तेवढी पत्त्यात राहिलीयत, रिक्षावाल्याला सांगितलं की बरोबर नेऊन सोडतो.

आता जायचं कसं. नाशिकहून निफाड, विंचूर करत येवला, साधारण ८५ किलोमीटर, दोन तास धरा. सकाळी सातला निघा, साडेसातला नाही, कारण निफाडच्या पुढे कांद्याचे ट्रॅक्टर रस्त्यावर आले की वेळ जातो. थंडीचे दिवस असतील आणि मुलाला पक्ष्यांची आवड असेल तर वाटेत नांदूर मध्यमेश्वरला आत वळता येतं, गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं पाणी आहे, २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून त्याची घोषणा झाली. पण खरं सांगू, एकाच दिवसात पक्षी आणि येवला दोन्ही करू नका, पक्षी बघायचे तर पहाटे, आणि तिथे दोन-तीन तास सहज जातात, मग येवल्याला पोचेपर्यंत दुपार होते आणि दुपारी विणकर जेवून जरा आडवा झालेला असतो. पक्ष्यांना दुसरा दिवस द्या.

येवल्यात पोचलात की विंचूर चौफुलीच्या गर्दीत अडकून न राहता गाडी सरळ कुठेतरी बाजूला लावून टाका. जुन्या गावातल्या गल्ल्यांत मोठी गाडी घालूच नका, वळवता येत नाही. आईंना चालायचा त्रास असेल तर रिक्षा करा, अंतरं छोटी आहेत.

पहिलं काम माग बघायचं. दुकान नंतर. हा क्रम मी कधीच बदलू देत नाही, कारण माग बघितल्यावर माणसाचे प्रश्नच बदलतात, आधी तो "किती कमी होतील" विचारत असतो, नंतर विचारायला लागतो की हा मोर किती दिवसांत झाला. बरेच विणकर घरातच विणतात, आणि अनेक दुकानांच्या मागे किंवा वर माग असतात, दुकानदाराला सरळ म्हणा की आम्हाला माग चालू असलेला बघायचाय, बहुतेक जण आनंदाने दाखवतात. गावाला लागून अंगणगावला पैठणी पर्यटन केंद्र आहे तिथेही बघता येतं. गावाबाहेर नागडे, बल्हेगाव, वडगाव ह्या खेड्यांतही माग आहेत, तिथे गर्दी नसते त्यामुळे विणकर निवांत बोलतो. मला स्वतःला खेड्यातलं घर जास्त आवडतं.

घरात गेल्यावर काय बघायचं ते सांगतो. माग बऱ्याच ठिकाणी खड्ड्यातला असतो, म्हणजे विणकर जमिनीच्या पातळीला बसतो आणि पाय खाली खड्ड्यात पावड्यांवर, म्हणजे पायाने दाबायच्या पट्ट्यांवर. उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. साडीचं अंग विणताना आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे सटासट जातो, ते बघायला मजा येते आणि लोक त्याचेच व्हिडिओ काढतात. पण थांबा, पदर विणणारा माणूस शोधा. पदरात धोटा आरपार जातच नाही. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते, तिला तिल्ली म्हणतात, मोराच्या गळ्याचा निळा त्याच्या जागेपुरताच जातो आणि तिथेच शेजारच्या रंगात अडकवून परत फिरतो, मग चोचीचा लाल, मग पिसाऱ्यातला हिरवा, असं एक आडवी ओळ पूर्ण व्हायला कितीतरी तिल्ल्या हाताने फिरवाव्या लागतात, आणि मध्ये जरीची तार असते ती वेगळीच. धागे मोजावे लागतात. कुणी समोर आलेख कागदावरचं डिझाइन ठेवतं, कुणाच्या डोक्यातच असतं. भरगच्च पदर दिवसाला जेमतेम काही बोटं पुढे सरकतो. म्हणूनच साध्या पदराची साडी काही आठवड्यांत उतरते आणि अंगभर काम असलेलीला वर्ष सुद्धा लागतं. दहावीतल्या मुलाला तो आलेख कागद जरूर दाखवा, चौकोन आणि धागा ह्यांचा हिशोब बघून मुलं एकदम गप्प होऊन बघायला लागतात, मी हे पुन्हा पुन्हा पाहिलंय.

आणि घरातल्या बायकांशी बोला, विशेषतः आई सोबत आहेत तर त्यांना बोलू द्या. कांड्या भरणं, रेशीम उकलणं ही कामं बायका पूर्वीपासून करत आल्यात आणि आता मागावर बसून विणतात सुद्धा, आणि रंगसंगती कोणती चालते, हल्ली कुठला रंग मागतात ही माहिती त्यांच्याकडे जास्त असते. रेशीम बहुतेक बंगळुरूकडून येतं, जर सुरतेहून, म्हणजे माल बाहेरचा आणि हात इथला.

वागायचं कसं हेही सांगतो कारण ह्यावरून फार वाईट प्रसंग पाहिलेत. चप्पल बाहेर. ताण्याला हात लावायचा नाही, अगदी बोट सुद्धा नाही, घामाचा डाग रेशमावर बसला की जात नाही आणि तो तोटा विणकराचा. फोटो विचारून, आणि डिझाइनचा जवळून फोटो नको म्हटला तर ऐकायचं, नवीन डिझाइनची नक्कल होते ही त्यांची खरी काळजी आहे. "महिन्याला किती सुटतात" हा प्रश्न त्यांच्या पोरांसमोर विचारू नका. आणि अर्धा तास बसून सगळं समजून घेतलंत, चहा प्यायलात, तर निघताना काहीतरी घ्या, साडी नाही तर एखादा स्टोल, पर्स, नाहीतर निदान कुणाला तरी त्यांचं नाव सांगा, पैसे हातात कोंबू नका, ते कुणालाच बरं वाटत नाही.

आता खरेदी, कारण तुम्ही करणारच. हातमागाची अस्सल रेशमी पैठणी दोन-तीन हजारात मिळत नाही, कुणी म्हणालं तरी नाही. त्या किमतीत मिळते ती सेमी, यंत्रमागाची, किंवा रेशमाच्या जागी दुसरा धागा असलेली. ती घेण्यात काही वाईट नाही, रोजच्या कार्यक्रमाला छान दिसते, पण ती काय आहे हे माहीत असून घ्या. ओळखायचं कसं तर पदर उलटा करा. हाताने विणलेल्या पदराची नक्षी उलट बाजूला पण जवळपास सुलट सारखीच दिसते, मोर मोरच दिसतो, मोकळे लोंबणारे धागे नसतात. यंत्रावरच्याला मागे आडवे धागे सुटलेले नाहीतर कापलेले दिसतात. एक बारीक गोष्ट, हातमागावरही काहीजण जकार्ड, म्हणजे नक्षीचे धागे आपोआप उचलणारं यंत्र, लावतात आणि त्याची बुट्टी मागून वेगळी दिसते, त्यामुळे नुसती अंगावरची बुट्टी बघून निकाल देऊ नका, पदर बघा. मग सिल्क मार्क म्हणजे शुद्ध रेशमाची खूण, आणि हातमागाचं चिन्ह विचारा. पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, त्याबद्दलही दुकानदाराला विचारा, जो खरा माल विकतो तो तुम्हाला ह्या गोष्टी समजावून सांगायला कंटाळत नाही.

नावं थोडी माहीत असू द्या म्हणजे बोलणं सोपं जातं. काठात नारळी आणि पंखी हे जुने प्रकार. पदरावर मोर, मुनिया म्हणजे पोपट, कमळ, असावलीची वेल, बांगडी मोर म्हणजे बांगडीच्या गोलात मोर. एकधोटी म्हणजे एकाच धोट्याने अंग विणलेली, ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, त्यातून धूपछाव येते, साडी हलवली की रंग फिरतो. कडियल म्हणजे काठ आणि अंग ह्यांचे रंग पूर्ण वेगळे, त्याला तीन धोटे लागतात. माझं मत विचाराल तर पहिली पैठणी घेताना अंगभर कामाच्या मागे लागू नका, त्याच पैशात साध्या अंगाची, चांगल्या रेशमाची आणि खरोखर हाताने विणलेल्या पदराची एकधोटी घ्या. विणकराचं नाव विचारून बिलावर लिहून घ्या. घरी आल्यावर सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको, आणि मधूनमधून घडी मोडून दुसरीकडे घाला नाहीतर जर घडीवर तुटते.

दुपारी जेवण करून मुक्तिभूमीला जा. आणि हे मुलासाठी आहे असं समजू नका, सगळ्यांनी जा. १३ ऑक्टोबर १९३५ ला इथे भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केलं की मी हिंदू म्हणून जन्मलो पण हिंदू म्हणून मरणार नाही. तुम्ही पंचवटीत काळारामाचं दर्शन घेऊन आलाय म्हणताय, तर तोच धागा आहे, काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांसारखे नाशिकचे कार्यकर्ते त्यात पुढे होते, वर्षानुवर्षं चालला, लोकांनी मार खाल्ला, तुरुंगात गेले, आणि दार काही उघडलं नाही. त्यानंतर येवल्याची ही घोषणा, आणि तिथून एकवीस वर्षांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा. मुलाच्या इतिहासाच्या पुस्तकात ही तीन नावं वेगवेगळ्या ओळीत येतात, इथे त्यातली पहिली दोन दोन दिवसांत पायाने जोडता येतात. नाशिकला येणाऱ्या किती लोकांना मी काळारामाच्या दारात ही गोष्ट सांगतो आणि पुढची जागा दोन तासांवर आहे म्हटलं की त्यांना आश्चर्य वाटतं. मुक्तिभूमीवर विहार आहे, पुतळा आहे, शांतपणे बसता येतं. दर वर्षी १३ ऑक्टोबरला इथे मोठ्या संख्येने लोक येतात, त्या दिवशी जाणार असाल तर गाडी लांब लावायची तयारी ठेवा, पण वातावरण अनुभवायचं तर तोच दिवस.

तात्या टोपेही इथलेच. रामचंद्र पांडुरंग टोपे, जन्म येवल्यात १८१४ चा, वडील दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी होते म्हणून पेशवाई बुडाल्यावर कुटुंब त्यांच्यासोबत कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला गेलं, मूळ आडनाव येवलेकर. १८५७ ला कानपूर, मग झाशीच्या राणीबरोबर ग्वाल्हेर, आणि १८ एप्रिल १८५९ ला शिवपुरीला फाशी. गावात त्यांचा पुतळा आहे. मोठं काही बघण्यासारखं नाही, पाच मिनिटं थांबा आणि पुढे चला.

आईंसाठी कोटमगाव. येवल्यापासून तीन-चार किलोमीटर, जगदंबेचं मंदिर, गाडी अगदी जवळपर्यंत जाते, चढ नाही. महाकाली, महालक्ष्मी, महासरस्वती अशी तिन्ही रूपं एकत्र मानतात. नवरात्रात इथे मोठी यात्रा असते आणि हजारो भाविक घटी बसतात, म्हणजे नऊ दिवस घर सोडून देवीच्या दारातच मुक्काम आणि उपवास. त्या दिवसांत नुसतं दर्शन करून यायचं म्हटलं तरी अर्धा दिवस जातो, म्हातारं माणूस सोबत असेल तर नवरात्राचा शनिवार-रविवार टाळा. इतर दिवशी संध्याकाळी गेलात तर निवांत.

कधी जायचं हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण येवला सणाला वेगळं असतं आणि एरवी वेगळं. संक्रांतीला भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर असतं, सकाळपासून अंधार पडेपर्यंत. इथे चक्रीच्या ऐवजी आसारी वापरतात, बांबूच्या कामट्यांची मोठी, दोन्ही हातात धरून फिरवायची, ती चालवणारा पोरगा बघत राहावा असा असतो. गच्च्यांवर हलकडी वाजत असते. कुणाच्या ओळखीने गच्ची मिळाली तर तुमच्या मुलाला खाली उतरवणं अवघड जाईल. फक्त त्या तीन दिवसांत माग बघायची अपेक्षा ठेवू नका, विणकर पण गच्चीवरच असतो. आणि दुचाकीवर फिरू नका, नायलॉन मांजावर बंदी आहे तरी कुणीतरी वापरतोच, गळ्याला मफलर असू द्या.

रंगपंचमीला संध्याकाळी टिळक मैदानात रंगांचे सामने होतात. दोन्ही बाजूंनी ट्रॅक्टरवर रंगाचे पिंप भरून उभे, मध्ये माणसं, आणि एकमेकांवर रंग फेकायला सुरुवात झाली की थोड्या वेळाने कुणाचा चेहरा ओळखू येत नाही. पण त्याच दिवशी नाशिकला रहाडी असतात, पंचवटीत शनी चौक, जुन्या नाशकात तिवंधा, दिल्ली दरवाजा अशा ठिकाणी पेशवेकाळापासूनचे जमिनीतले हौद उघडतात, पूजा होते आणि रंगाच्या पाण्यात माणसं उड्या मारतात. दोन्ही एका दिवसात नीट होत नाही. पहिल्यांदा येणाऱ्याला मी नाशिकची रहाड सांगतो, ज्याने ती पाहिली त्याला येवला. आईंना दोन्ही नको, गर्दीत धक्के लागतात, त्यांना उंच गॅलरी मिळत असेल तरच.

तुमच्यासारख्या तीन पिढ्यांच्या कुटुंबाला मी सण नसलेला, थंडीतला साधा दिवस सुचवेन, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मंगळवार जमला तर उत्तम कारण आठवडे बाजार असतो, आजूबाजूच्या खेड्यातली माणसं येतात, गावाची खरी बोली ऐकायची तर तिथे. पावसाळ्यात खड्ड्यातल्या मागाला ओल धरते आणि काही घरांत काम मंदावतं, उन्हाळ्यात ऊन सोसवत नाही, हा कोरडा तालुका आहे, पालखेडच्या कालव्याचं आवर्तन कधी सुटतं ह्याकडे लोकांचे डोळे लागलेले असतात.

मुलाला अजून काही हवं असेल आणि तुम्ही येवल्यातच मुक्काम करणार असाल तर दुसऱ्या दिवशी सकाळी अंकाई-टंकाई. मनमाडच्या वाटेवर जोडकिल्ले आहेत, पायथ्याच्या अंकाई गावातून थोडं वर गेलं की जैन लेणी लागतात, कोरीव काम सुंदर आहे आणि बघणारे कमी. लेण्यांपर्यंत आई सावकाश येऊ शकतील, अंकाईच्या माथ्यावर अगस्तींचं स्थान आहे तिथे मुलाने आणि तुम्ही जायचं. पाणी सोबत भरपूर. तालुक्याच्या उत्तर-पूर्वेला राजापूर-ममदापूरचं काळवीटांचं राखीव क्षेत्र आहे, सकाळी लवकर गेलात तर माळावर कळप दिसतात, पण गाडी शेतात घालू नका आणि मागे पळवू नका.

खायचं म्हणाल तर नाशिकसारखी मिसळीची दुकानं शोधत बसू नका, ह्या भागात भेळभत्ता खा, कांदा बाजूचाच असतो, आणि जेवायला शेवभाजी-भाकरी सांगा, तिखट कमी करायला आधीच सांगा, नंतर होत नाही. आईंना झेपणार नसेल तर पिठलं बहुतेक ठिकाणी करून देतात.

परतताना अंधार पडायच्या आत विंचूरच्या पुढे या. नगर-मनमाड रस्त्याची जड वाहतूक येवल्यातूनच जाते आणि रात्री विनादिव्याचे ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात, त्यामुळे कोटमगाव शेवटचं ठेवलं तरी साडेपाचला तिथून निघा, म्हणजे आठच्या आत नाशिकला जेवायला पोचाल.